क्रीडागुरूची निवड कशी करावी?

गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली म्हणजे शाळेचे चालक काय करितात, हें पालकांस ठाऊक आहे. जाहिरात निघते, अर्ज येतात, पदव्या पाहिल्या जातात, आणि उमेदवारास वर्गावर उभें करून एखादा पाठ घ्यावयास सांगतात. मुलांस तो समजला कीं नाहीं, हें जाणते लोक मागच्या बांकावर बसून पाहतात. परंतु महाविद्यालयाच्या फुटबॉल संघासाठीं मुख्य प्रशिक्षक नेमावयाची वेळ आली म्हणजे हा सारा विवेक पुष्कळ ठिकाणीं बाजूस राहतो. "यांनीं मागील सालीं किती चषक मिळविले?" एवढा एकच प्रश्न उरतो, आणि कधीं कधीं तोहि न विचारतां, कोण कोणाच्या ओळखीचा एवढ्यावरच काम उरकलें जातें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, खेळाचा प्रशिक्षक हा प्रथम शिक्षक आहे. आणि शिक्षक ज्या कसोट्यांवर निवडावयाचा, त्याच कसोट्यांवर त्याचीहि निवड झाली पाहिजे.

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील इंझोरीसारख्या गांवीं बसून महाविद्यालयाच्या फुटबॉलची काळजी आपण कां वाहावी, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. आज जीं मुलें आमच्या वर्गांत बसलीं आहेत, तींच दोन-चार वर्षांत वाशिम, कारंजा, अकोला, अमरावती येथील महाविद्यालयांत जाणार आहेत. घर सुटलेलें, गांव मागें राहिलेला, खोली भाड्याची, सोबती नवे. अशा स्थितींत सायंकाळचे दोन तास तीं ज्याच्या स्वाधीन असतात, तो मनुष्य त्यांच्या आयुष्यांत लहानसहान नसतो. सतराव्या-अठराव्या वर्षीं मुलगा बापाचें ऐकून न ऐकल्यासारखें करितो. प्राध्यापकाचें लिहून घेतो, पण मनांत धरीत नाहीं. मैदानावरील गुरूचा मात्र शब्द न् शब्द तो उचलतो. गुरु पंचाशीं हुज्जत घालणारा असेल तर शिष्य हुज्जत शिकतो. हरल्यावर प्रतिपक्षाचा हात हातीं घेणारा असेल तर शिष्यहि तेंच करितो. म्हणून या निवडींत चषकापेक्षां मोठी वस्तु पणास लागलेली असते. ती म्हणजे आपलीं मुलें.

हा प्रश्न अलीकडेच साऱ्या देशापुढें येऊन गेला आहे, व त्यांतून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. भारताच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक क्रोएशियाचे इगोर स्टिमाच यांस जून २०२४ मध्यें दूर करण्यांत आलें. त्यांच्या जागीं स्पेनचे मनोलो मार्केझ आले. तेहि एक वर्ष पुरें होतें न होतें तोंच, जुलै २०२५ मध्यें, उभयपक्षीं संमतीनें निघून गेले. रिकाम्या झालेल्या जागेसाठीं १७० अर्ज आले. छाननी होतां होतां तीन नांवें उरलीं. पूर्वीं दोन वेळां हेंच काम केलेले इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे स्टीफन टारकोविच, आणि मुंबईच्या संघांतून खेळून तेथेंच प्रशिक्षक झालेले खालिद जमील. दिनांक १ ऑगस्ट २०२५ रोजीं जमील यांची निवड जाहीर झाली. गोव्याचे साविओ मेडेरा यांच्यानंतर सुमारें तेरा वर्षांनीं हें पद भारतीय मनुष्याकडे आलें.

पुढें काय झालें तें पाहा. सप्टेंबर २०२५ मध्यें मध्य आशियाच्या स्पर्धेंत ओमानच्या संघास पेनल्टीच्या निर्णयावर हरवून भारत तिसरा आला. निवड किती योग्य झाली, असें जो तो म्हणूं लागला. त्यानंतर पांचच आठवड्यांनीं मडगांव येथें सिंगापूरनें भारतास २–१ असें हरविलें, आणि २०२७ च्या आशियाई चषकाचें द्वार बंद झालें. लागलीच निवड चुकली असा गलबला सुरू झाला. मनुष्य तोच, विद्या तीच, खेळाडूहि बहुतेक तेच. पांच आठवड्यांत बदलला तो केवळ निकाल. आम्ही येथें जमील यांचा न्याय करीत नाहीं. तो करण्याचा आम्हांस अधिकारहि नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, एका सामन्यावरून प्रशिक्षकाची परीक्षा करणें हें चाचणी परीक्षेच्या एका पेपरावरून मुलाच्या जन्माचें भविष्य वर्तविण्यासारखें आहे.

मग परीक्षा कशावरून करावी? याच जमील यांच्या पूर्वचरित्रांत एक बोधप्रद प्रसंग आहे. २००९ ते २०१६ पर्यंत ते मुंबई एफ. सी. या संघाचे प्रशिक्षक होते. त्या संघापाशीं मोठा पैसा नव्हता व नामांकित खेळाडूहि नव्हते. त्या काळांत संघानें देशाच्या आय-लीग स्पर्धेचें विजेतेपद कधीं मिळविलें नाहीं. परंतु तो खालच्या श्रेणींतहि गेला नाहीं. २०१६ सालीं त्यांचा व संघाचा संबंध सुटला. ते मिझोराममधील ऐझॉल एफ. सी. या लहानशा संघाकडे गेले. हा संघ मागील हंगामांत श्रेणींतून उतरलेला होता व पुन्हा घेतला गेला म्हणूनच स्पर्धेंत राहिला होता. २०१६–१७ च्या त्याच हंगामांत ऐझॉलचा संघ आय-लीगचा विजेता झाला. ईशान्य भारतांतील संघानें तो मान मिळविण्याची ती पहिलीच वेळ. आणि त्याच हंगामांत मुंबईचा संघ सर्वांत शेवटीं राहून खालीं गेला. एका मनुष्याच्या जाण्यायेण्यानेंच हें सारें घडलें, असें म्हणणें धाडसाचें होईल. हार-जितीस कारणें अनेक असतात. तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. २०१६ सालीं जो कोणी केवळ चषक मोजावयास बसला असता, त्यास जमील यांच्या हिशेबीं आय-लीगचें एकहि विजेतेपद सांपडलें नसतें. उलट, "यांच्या हातीं काय दिलें होतें, आणि यांनीं त्याचें काय केलें?" असें ज्यानें विचारलें असतें, त्यास मनुष्य ओळखतां आला असता.

हाच प्रश्न आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यास दहा उत्तम खेळाडू आयते मिळाले त्यानें चषक आणिला, यांत त्याचें कर्तृत्व किती, हें सांगणें कठीण आहे. ज्यास अनवाणी, अर्धपोटीं व बुजरीं मुलें मिळालीं, आणि वर्षाअखेर त्यांचा एक संघ उभा राहिला, त्याचें कर्तृत्व मात्र झांकून राहत नाहीं. आमच्या ख्रिस्ती वाचकांस शमुवेल संदेष्ट्याची कथा ठाऊक आहे. राजा निवडावयास तो इशायाच्या घरीं गेला, तेव्हां थोरल्या मुलाची उंची व रूप पाहून त्यास वाटलें कीं हाच तो. एकामागून एक सात मुलें पुढें आलीं. सातहि नाकारलीं गेलीं. जो निवडावयाचा होता तो घरांत नव्हताच; तो रानांत मेंढरें राखीत होता, आणि त्यास बोलवावें असेंहि कोणास सुचलें नव्हतें. निवड करणाऱ्याचे डोळे प्रथम दिपतात ते बाह्य रूपानें, हें त्या कथेंतील सत्य आजहि जुनें झालेलें नाहीं.

शिक्षक हा प्रशिक्षक होऊं शकतो काय, अशी शंका कोणास येत असेल, तर तिचें समाधान आपल्याच देशाच्या इतिहासांत आहे. हैद्राबादचे सय्यद अब्दुल रहीम हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर व पेशानें शाळामास्तर. पुढें शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन ते मैदानाकडे वळले. हैद्राबाद पोलीस संघ त्यांच्या हातीं आला, आणि १९५० ते १९५४ पर्यंत सलग पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक त्या संघानें नेला. भारतीय संघाची धुराहि त्यांच्याकडेच आली. १९५१ सालीं दिल्लीस पहिल्या आशियाई स्पर्धेंत भारतास सुवर्णपदक मिळालें. १९५६ सालीं मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें भारत चौथा आला. फुटबॉलमध्यें ऑलिंपिकच्या इतक्या जवळ आपण त्यापूर्वीं गेलों नव्हतों व त्यानंतरहि गेलों नाहीं. १९६२ सालीं जकार्ता येथें पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारतास २–० असें हरविलें. आणि त्याच कोरियास अंतिम सामन्यांत २–१ असें हरवून भारतानें पुन्हा सुवर्णपदक घेतलें. पहिल्या पराभवापासून शेवटच्या विजयापर्यंत जें झालें त्यालाच शिकविणें म्हणतात. त्या वेळीं रहीम कर्करोगानें ग्रस्त होते. पुढल्याच वर्षीं, जून १९६३ मध्यें, त्यांचें देहावसान झालें.

रहीम यांची पद्धत शिक्षकाचीच होती. चेंडू आपल्याच पायांशीं खेळवीत राहण्याची खोड मोडावी म्हणून ते असे सामने भरवीत कीं, ज्यांत चेंडू मिळतांच सोबत्यास द्यावा लागे. ज्या पायांत जोर कमी त्याच पायानें खेळावयाचें, असेहि सामने ते घेत. चांगला शिक्षक मुलास येणारीं गणितें पुन्हा पुन्हा सोडवावयास देऊन शाबासकी मिळवीत नाहीं. जें येत नाहीं तेंच पुढें ठेवतो. आणखी एक गोष्ट. १९५२ सालीं हेल्सिंकी येथें युगोस्लाव्हियाकडून आपला १०–१ असा पराभव झाला होता. बहुतेक खेळाडू तेव्हां अनवाणी खेळले होते. त्या दिवसावरून या माणसाची किंमत कायमची ठरविली गेली असती, तर मेलबर्न व जकार्ता येथील यश त्याच्या हातून घडलें नसतें.

महाविद्यालयाच्या संघास पगारी मुख्य प्रशिक्षक नेमण्याची प्रथा सर्वांत अधिक फोफावली ती अमेरिकेंत. तेथें ज्यास फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा. लांबट चेंडू हातीं धरून धांवावयाचा. तरी निवडीचा प्रश्न तोच आहे. शिकागो विद्यापीठ १८९२ सालीं उघडलें, तेव्हां अध्यक्ष हार्पर यांनीं अमॉस अलोन्झो स्टॅग या तरुणास बोलाविलें. स्टॅग हे येल येथें धर्मोपदेशक होण्यासाठीं शिकत होते. परंतु व्यासपीठावर आपली वाणी चालत नाहीं असें पाहून त्यांनीं मैदानालाच आपलें सेवाक्षेत्र मानिलें. हार्पर यांनीं त्यांस संघाचा कंत्राटी नोकर म्हणून ठेविलें नाहीं. शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख व विद्यापीठाचे प्राध्यापक म्हणून नेमिलें. इतर प्राध्यापकांप्रमाणेंच त्यांची जागा कायम होती. एक हंगाम वाईट गेला म्हणून ती जाणारी नव्हती. १९३२ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक, ते तेथें राहिले; सत्तर वर्षें झालीं म्हणून निवृत्त केले गेले, आणि दुसऱ्या एका महाविद्यालयांत पुन्हा तेंच काम करूं लागले. याच शिकागो विद्यापीठानें १९३९ सालीं आपला फुटबॉल संघ मोडून टाकिला. विद्यापीठांतील फुटबॉल तेव्हां तिकिटांच्या उत्पन्नाचा व गाजावाजाचा धंदा होऊं लागला होता, आणि अध्यक्ष हचिन्स यांस तो विद्येशीं विसंगत वाटला. ही एकाच संस्थेंतील दोन चित्रें चालकांनीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. प्रशिक्षक शिक्षकवर्गांत असतो तोंवर खेळ हा शिक्षणाचा भाग असतो. तो केवळ विजय आणून देणारा मक्तेदार झाला कीं खेळ शिक्षणाबाहेर जातो.

येथें पालकांचा एक आक्षेप आम्हांस ऐकूं येतो, व तो पोकळ नाहीं. "गुरुजी, हें सारें ठीक, पण संघ जिंकला नाहीं तर मुलाच्या पदरांत काय पडणार?" दहावी-बारावीच्या परीक्षेंत खेळाडूंस गुणांची सवलत आहे, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं जागा राखीव असतात. ज्या घरीं कापूस आणि सोयाबीन यांच्या भावावर सालाचें गणित अवलंबून आहे, त्या घरच्या बापानें प्रमाणपत्राकडे डोळे लावले तर त्यास कोणी हंसूं नये. विजयाचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. जिंकण्याची इच्छाच नसलेला प्रशिक्षक हा परीक्षेची पर्वा नसलेल्या शिक्षकासारखाच निरुपयोगी होय. आमचें म्हणणें इतकेंच कीं, विजय हें पीक आहे आणि शिकविणें ही मशागत आहे. मशागत न पाहतां पीक मागणारा शेतकरी वऱ्हाडांत कोणी भेटणार नाहीं. मैदानाच्या बाबतींतच आपण तसे कां वागावें? शिवाय, संघांत अकरा जण खेळतात आणि मैदानावर येणारीं मुलें तीस-चाळीस असतात. प्रमाणपत्र फार तर पंधरा-सोळांस मिळेल. बाकीच्यांच्या पदरांत प्रशिक्षकानें जें शिकविलें तेवढेंच पडणार आहे.

आतां प्रत्यक्ष निवड कशी करावी, याविषयीं आमच्या अल्पमतीप्रमाणें कांहीं सूचना करितों.

पहिली ही कीं, अर्ज उघडण्यापूर्वीं आपणांस काय पाहिजे तें कागदावर लिहून ठेवावें. अर्ज आल्यानंतर ठरविलेल्या कसोट्या पुष्कळदां एखाद्या उमेदवाराच्या अंगावर बेतून शिवलेल्या निघतात. दुसरी, विद्या पाहावी. पूर्वीं चांगला खेळणारा तो चांगला शिकविणारा, ही समजूत भ्रामक आहे. शिकविण्याची विद्या निराळी असते, हें ओळखूनच हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रास येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचें शारीरिक शिक्षणाचें विद्यालय काढिलें. आणि आपल्या अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून वऱ्हाडांत हेंच कार्य करीत आलें आहे. आज अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रशिक्षकांसाठीं 'डी' पासून वर चढत जाणाऱ्या परवान्यांच्या पायऱ्या आहेत. पतियाळा येथें १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. ज्यानें यांपैकीं कांहींहि केलेलें नाहीं व पुढें करण्याची ज्यास इच्छाहि नाहीं, त्याच्या हातीं मुलें देऊं नयेत.

तिसरी सूचना आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. उमेदवारास खोलींत बसवून मुलाखत घेण्यावर भागवूं नये. त्यास मैदानावर न्यावें आणि एक तास शिकवावयास सांगावें. समोर संघांतील निवडक खेळाडू उभे न करतां, पांच चांगले, पांच मध्यम व पांच अगदीं कच्चे असे विद्यार्थी द्यावेत. मग त्याच्या डोळ्यांकडे पाहावें. चांगल्या पांचांवरच दृष्टि खिळली, तर तो रत्नपारखी असेल, शिक्षक नव्हे. नव्याण्णव मेंढरें ठेवून एका हरवलेल्याच्या शोधांत जाणारा मेंढपाळ आम्हां ख्रिस्ती लोकांस आदर्श आहे. ज्या मुलाचा पाय चेंडूला नीट लागत नाहीं, त्याच्याजवळ दोन मिनिटें थांबून त्याचें पाऊल सरळ करणारा प्रशिक्षक दिसला, तर समितीनें त्याच्या नांवापुढें खूण करावी.

चौथी, जुन्या शिष्यांस विचारावें. परंतु केवळ कप्तानांस नव्हे. जे तीन वर्षें राखीव म्हणून बाहेर बसले, त्यांस विचारावें. बाहेर बसलेला मुलगाहि ज्याच्याविषयीं आदरानें बोलतो, तो गुरु खरा. पांचवी, परीक्षा व प्रकृति यांविषयीं त्याचें धोरण काय, हें स्पष्ट विचारून घ्यावें. वऱ्हाडच्या उन्हांत सराव करवितांना पाणी मागणाऱ्यास भित्रा म्हणणारा, किंवा डोक्यास मार लागलेल्या मुलास त्याच सामन्यांत पुन्हा उतरविणारा मनुष्य कितीहि विजय मिळवून देवो, त्यास दुरूनच नमस्कार करावा. आणि सहावी, त्याची चालचलणूक तो पूर्वीं जेथें होता तेथें जाऊन विचारावी. कनिष्ठ महाविद्यालयांतील पुष्कळ मुलेंमुली अठरा वर्षांच्या आंतील असतात. लैंगिक अत्याचारापासून बालकांचें रक्षण करणारा २०१२ चा कायदा त्यांस लागू आहे. या विषयीं विचारपूस करण्याचा संकोच समितीनें बाळगूं नये. आपला संकोच म्हणजे दुसऱ्याच्या लेकराचा धोका.

कोणी विचारतील, मनुष्य इकडचा असावा कीं बाहेरचा? आम्हांस हा वाद गौण वाटतो. गोव्यांत १८८३ सालीं फुटबॉल आणिला तो विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनीं, ख्रिस्ती शिक्षणाचा एक भाग म्हणून. आणि त्याच गोव्यांत आर्मांदो कुलासो यांच्या देखरेखीखालीं धेंपो संघानें २००५ ते २०१२ या काळांत पांच वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. बीज बाहेरून आलें, पीक घरच्यांनीं काढिलें. दोघांचाहि उपयोग झाला. मात्र मनुष्य कोठचाहि असो, त्यानें मुलाचें घर ओळखिलें पाहिजे. निंदणाच्या दिवसांत मुलगा सरावास चुकला तर तो आळशी नसतो. आईबरोबर शेतांत असतो. गांवची शेवटची एस. टी. निघून गेली तर त्यास रात्र कोठें काढावी हा प्रश्न पडतो. हें ज्यास कळत नाहीं तो अशा मुलांस "शिस्त नाहीं" म्हणून नांवावर काट मारील, आणि खेड्यांतील चांगला खेळाडू दुसऱ्या वर्षीं मैदानावर दिसणार नाहीं.

मुलींविषयींहि येथें एक शब्द सांगितला पाहिजे. पुरुष संघाच्या प्रशिक्षकाचा शोध चालला होता त्याच जुलै २०२५ मध्यें भारताच्या महिला संघानें थायलंडमध्यें जाऊन यजमान संघास २–१ असें हरविलें व २०२६ च्या आशियाई चषकांत प्रवेश मिळविला. पात्रता-सामने जिंकून तो मान मिळविण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्या संघाचे प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री हे भारतीयच होते. त्या विजयाचा गाजावाजा मात्र त्या मानानें थोडा झाला. जी समिती उमेदवारास "मुलींच्या संघासाठीं आपण काय कराल?" हा प्रश्न विचारणार नाहीं, तिनें अर्धेंच काम केलें असें आम्ही समजूं.

निवड झाल्यावर चालकांचें कर्तव्य संपत नाहीं. नेमणूक निदान तीन वर्षांची असावी. एक तुकडी महाविद्यालयांत येऊन पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंतचा तो काळ आहे. वर्षास नवा प्रशिक्षक आणणें म्हणजे पेरलें कीं नाहीं हें पाहावयास रोज माती उकरण्यासारखें आहे. पण ज्या दोषांस क्षमा नाहीं, तेहि आधींच लिहून ठेवावेत. मुलांस मारहाण, दुखापत झालेल्यास बळेंच खेळविणें, आणि जन्मतारखेचा खोटा दाखला काढून मोठ्या मुलास लहानांच्या स्पर्धेंत उतरविणें. हा तिसरा दोष आपल्याकडे दुर्दैवानें नवा नाहीं. ज्या मुलास त्याच्या गुरूनेंच जन्माचा दाखला खोटा करावयास शिकविलें, त्यानें पुढें आयुष्यांत कोणता कागद खरा ठेवावा? असा एक चषक कपाटांत ठेवण्यापेक्षां दहा पराभव पत्करलेले बरे. सामने हरल्याबद्दल प्रशिक्षकास वेळ द्यावा. लबाडीबद्दल एक दिवसहि देऊं नये.

शेवटीं पालकांस व विद्यार्थ्यांस आमची विनंति आहे. महाविद्यालयांत नांव घालतांना आपण वसतिगृह पाहतां, शुल्क विचारतां, परीक्षेचा निकाल पाहतां. त्याच फेरींत मैदानावरहि एकदां जा. सराव चालला असेल तर अर्धा घटका उभे राहा. प्रशिक्षक कोणत्या शब्दांत बोलतो तें ऐका, आणि पडलेल्या मुलाकडे प्रथम कोण धांवतो तें पाहा. जो विद्यार्थी उद्यां संघांत जाईल त्यानें हें ध्यानांत धरावें कीं, चांगला गुरु मिळणें हें अर्धें भाग्य आहे. उरलेलें अर्धें आपल्या आज्ञाधारकतेंत आहे. आणि ज्यांच्या हातीं निवड आहे त्यांनीं मत देण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: माझा स्वतःचा मुलगा, संघांत जागा न मिळणारा, चेंडूस भिणारा, असा जर या मैदानावर असता, तर तो मी या मनुष्याच्या हवालीं केला असता काय? उत्तर "होय" असेल तर निःशंक नेमणूक करावी. "नाहीं" असेल, तर त्या उमेदवारामागें चषकांची रांग उभी असली तरी जाहिरात पुन्हा काढावी.